घारापुरीला आईला घेऊन जायचंय : लाँच, पायऱ्या आणि बंदरातली बाकीची बेटं

माझगावची_लेक

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. डिसेंबरात आठ दिवस सुट्टी मिळालीये आणि या खेपेला आईला घारापुरीला, म्हणजे मुंबईसमोरच्या एलिफंटा लेण्यांच्या बेटावर, न्यायचंच असं ठरवलंय. आई ७३ ची, डावा गुडघा दुखतो पण रोज सकाळी अर्धा तास चालते. सोबत माझी दोन मुलं, एक ९ वर्षांची आणि एक ५ वर्षांचा.

त्याचं असं आहे की आई माझगावात वाढली. चाळीच्या गच्चीवरून बंदर दिसायचं, ३१ डिसेंबरला रात्री बाराच्या ठोक्याला बंदरातली झाडून सगळी जहाजं भोंगे वाजवतात ते ऐकायला अख्खी चाळ गच्चीवर जमायची म्हणते. आजोबा गोदीत कामाला होते. दर सुट्टीत आई आणि मामा घारापुरीला चला म्हणून त्यांच्या मागे लागायचे आणि आजोबा म्हणायचे, जाऊ की, बेट काय पळून जातंय होय! मग लग्न होऊन आई नाशिकला गेली, आजोबा गेले, आणि ते राहिलं ते राहूनच गेलं.

आता प्रश्न. बोटीत चढउतार तिला जमेल का? पायऱ्यांचं काय? आणि २०२४ च्या डिसेंबरात जो अपघात झाला त्यानंतर दादाचा या सगळ्याला ठाम विरोध आहे, त्यामुळे सुरक्षेबद्दल हल्ली गेलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल. शिवाय बंदरात अजून बेटं आहेत ना, त्यातल्या कुठल्या एखाद्या बेटावर जाता येतं का?

उरणवाली

ताई, बिनधास्त जा, पण दिवस नीट निवडा. सोमवारी लेणी बंद असतात, हे माहीत नसल्यामुळे गेटवेवरून परत फिरणारी माणसं मी कितीदा बघितलीत. शनिवार-रविवारही टाळा, विशेषतः डिसेंबरात. मंगळवार ते गुरुवार सकाळची पहिली लाँच पकडा, नऊच्या सुमारास सुटते, त्या वेळी ऊन कोवळं असतं आणि गुंफेत गर्दी व्हायच्या आत पोचता. तासभर लागतो. परतीची शेवटची लाँच साडेपाचच्या आसपास, पण तिच्यावर अवलंबून राहू नका, उतरताना त्या दिवसाची वेळ धक्क्यावर विचारून घ्यायची.

चढउताराचं म्हणाल तर गेटवेला धक्क्याच्या दगडी पायऱ्या उतरून लाँचमध्ये पाय टाकावा लागतो. ओहोटी असली की खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तिथे जपून. खलाशी हात देतात, त्यांचा हात मनगटाशी घट्ट धरायचा आणि ते "आता" म्हणतील तेव्हाच पाऊल टाकायचं, घाई करायची नाही. आईंना साडीपेक्षा सलवार-कमीज घालायला सांगा, आणि चप्पल नको, मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट.

वरच्या डेकवर बसायचे दहा-वीस रुपये वेगळे घेतात. मुलांना वर आवडेल पण लोखंडी जिना उभा आहे, तेव्हा आईंसोबत कुणीतरी खालीच बसा. खाली मधल्या बाकावर हेलकावे कमी जाणवतात.

बेटावर उतरलं की धक्का लांबलचक आहे, तिथून छोटी आगगाडी मिळते. मग साधारण १२० पायऱ्या. एकदम चढ नाही, टप्प्याटप्प्याने आहेत आणि दोन्ही बाजूंना दुकानं असल्यामुळे सावली मिळते. नाहीच जमलं तर डोलीवाले आहेत, खुर्चीत बसवून दोघं-चौघं उचलून नेतात. भाव आधी ठरवा.

सांजवेळ

अपघाताबद्दल लिहिते कारण आम्ही त्यानंतर दोन महिन्यांनी गेलो होतो आणि माझ्याही पोटात गोळा होता. १८ डिसेंबर २०२४, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या फेरीबोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती म्हणे. १५ जणांचा जीव गेला, त्यात लहान मुलंही. ते व्हिडिओ ज्यांनी बघितले त्यांना विसरणं शक्य नाही.

तेव्हापासून लाइफ जॅकेट घालायला लावतात. आम्ही गेलो तेव्हा सगळ्यांना दिलं होतं पण निम्म्या लोकांनी फोटो काढून झाल्यावर काढून मांडीवर ठेवलं. कृपा करून तसं करू नका. गरम होतं, वास येतो, सगळं खरंय, पण तासाचा तर प्रश्न आहे. आणि ५ वर्षांच्या बाळासाठी लहान मापाचं मागून घ्या, मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या अंगातून वर सटकतं, त्याचा काही उपयोग नाही. लहान मापाचं नसेल तर पुढच्या लाँचला थांबा. माणसं जास्त भरलीत असं वाटलं तरी खाली उतरा, तिकीट पुढच्या लाँचला चालतं का विचारा, नाही चाललं तर पैसे गेले समजा. तुमच्या दादाला हे दाखवा.

भटक्या_७

माझं मत वेगळं आहे. घारापुरी आता नुसती बाजारपेठ झालीये, पायऱ्यांवर निळ्या ताडपत्र्यांखाली त्याच त्या माळा आणि तेच ते दगडी हत्ती, वर माकडं हातातली बाटली सुद्धा ओढून नेतात, आणि गुंफेत सेल्फीवाले. ज्येष्ठ माणसांना समुद्राचा आनंदच द्यायचा तर भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याची रो-रो बोट घ्या, २०२० पासून चालू आहे, गाडीसकट आत जाता येतं, बसायला ऐसपैस, शौचालय स्वच्छ, तासाभरात मांडवा. पायऱ्यांची भानगडच नाही.

शैलगृह

भटक्या, रो-रो चांगलीच आहे पण धागाकर्तीच्या आईला साठ वर्षांपासून घारापुरी बघायचीये, मांडवा नाही.

आणि बाजारपेठ पायऱ्यांवर आहे, गुंफेत नाही. मी आतापर्यंत अकरा वेळा गेलोय आणि दर वेळी एकच गोष्ट बघतो, लोक उत्तरेच्या दारातून आत येतात, सरळ चालत जाऊन तीन तोंडांच्या मूर्तीसमोर फोटो काढतात आणि वीस मिनिटांत बाहेर. मग म्हणतात एवढं काय आहे त्यात.

माझं ऐका. आत शिरल्यावर आधी पाच मिनिटं नुसतं उभं राहा, काही बघू नका. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. ती तीन तोंडांची सदाशिवाची मूर्ती दक्षिणेच्या भिंतीत सगळ्यात खोल आहे, जवळजवळ वीस फूट उंच, आणि उजेड तिच्यापर्यंत येतो तो समोरच्या दारातून आणि दोन्ही बाजूंच्या चौकांतून, म्हणजे मूर्तीपर्यंत पोचेस्तोवर तो अगदी मऊ झालेला असतो. हळूहळू आधी मधला चेहरा दिसतो, मिटलेले डोळे, जाड खालचा ओठ. मग तुमच्या डावीकडचा उग्र, मिशीवाला, हाताशी नाग. आणि उजवीकडचा कोवळा, जवळपास बाईचाच चेहरा, हातात कमळ. एकाच दगडात संहार, शांती आणि माया, आणि तिघांचे दागिने वेगळे, केस वेगळे. मूर्तीकडे तोंड केलं की तुमच्या डाव्या हाताला अर्धनारीश्वर आणि उजव्या हाताला गंगाधर, म्हणजे गंगा जटांत झेलणारा शिव, आहे, म्हणजे ती तिन्ही शिल्पं मिळून एक भिंत आहे, एकेकटी बघायची नाहीत.

तिथून उजवीकडे लिंगाचं गर्भगृह लागतं, चारी बाजूंनी दारं आणि दाराशी माणसाच्या दुपटीहून उंच द्वारपाल. त्याच्याजवळच कल्याणसुंदर, म्हणजे शिवपार्वतीचं लग्न. आईंना तिथे जरूर थांबवा. पार्वती मान खाली घालून उभी आहे, बाप मागून तिला हलकेच पुढे करतोय, ब्रह्मदेव भटजी होऊन खाली बसलाय. आपल्या घरातलं कन्यादान बघावं तसं वाटतं. आणि त्याच्या बरोब्बर समोर अंधकासुराचा वध, तोच शिव, पण दात विचकलेला. ज्याने कुणी ही जागा आखली त्याने ही दोन शिल्पं समोरासमोर ठेवताना नक्की विचार केला असणार.

हे सगळं सहाव्या शतकाच्या मध्यातलं मानतात, बहुतेक अभ्यासक कलचुरी राजघराण्याचं नाव घेतात कारण कृष्णराज कलचुरीची नाणी बेटावर सापडलीत. पण खात्रीचा पुरावा हातात नाही आणि त्यामागे मला अजूनही हळहळ वाटते अशी गोष्ट आहे. गुंफेत एक शिलालेख होता, पोर्तुगीजांनी तो काढून लिस्बनला पाठवला आणि तिथे तो हरवला. एवढं मोठं काम कुणी केलं ते दगडावर लिहून ठेवलेलं होतं आणि तो दगडच गेला.

दुसरी गोष्ट, इ.स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने पुरी नावाच्या नगरीवर शेकडो जहाजांनिशी हल्ला केल्याचं वर्णन आहे, तिला पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हटलंय. ती पुरी म्हणजे घारापुरीच असं काही जण मानतात, काही जण जंजिऱ्याजवळची राजपुरी म्हणतात. मी घारापुरीच्या बाजूचा आहे, पण हे माझं मत झालं.

माझगावची_लेक

शैलगृह, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर पूर्ण वाचून दाखवला. कन्यादानाचं ऐकून ती दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, हत्ती कुठे असतो तो? तिला आठवतंय की तिच्या वडिलांनी राणीच्या बागेत एक दगडी हत्ती दाखवून हा घारापुरीचा म्हणून सांगितलं होतं. तिला वाटत होतं की आजोबांनी समजूत काढायला काहीतरी सांगितलं असेल.

शैलगृह

आजोबांनी अगदी खरं सांगितलं होतं! एलिफंटा हे नाव त्या हत्तीवरूनच पडलं, पोर्तुगीज उतरले तिथे बंदराजवळ तो उभा होता. १८६४ मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आणून ठेवले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती उभा केला. आजही भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे, सांधे स्पष्ट दिसतात. म्हणजे तुमच्या आईने घारापुरीचा एक भाग लहानपणीच बघितलाय.

जुना_गोदीवाला

लेकी, तुझे आजोबा गोदीतले हे वाचून लिहायला बसलो, मी पण तिथलाच, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली.

बाकीच्या बेटांचं विचारलंस. उतरता येतं ते घारापुरीवरच, बाकीची लाँचमधून बघायची. गेटवे सोडलं की थोड्याच वेळात मिडल ग्राउंड दिसतं, भिंती बांधलेलं चिमुकलं बेट, ते नौदलाचं. ऑयस्टर रॉक पण त्यांचंच. तिकडे आणि नौदलाच्या गोदीकडे कॅमेरा रोखू नका, मुलांनाही सांगून ठेवा.

पुढे डावीकडे मोठमोठ्या टाक्या आणि धक्क्याला लागलेली तेलाची जहाजं दिसतील, ते जवाहर द्वीप, जुनं नाव बुचर आयलंड. तिथे कच्चं तेल उतरतं आणि समुद्राखालच्या पाइपातून ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्यांना जातं. २०१७ च्या ऑक्टोबरात तिथे डिझेलच्या टाकीवर वीज पडली आणि आग कितीतरी दिवस धुमसत होती, धुराचा लोट शहरातून दिसायचा. लोक लाँचमधून त्या बेटाकडे बघून नाक मुरडतात, पण मुंबईच्या गाड्या ज्यावर चालतात त्यातलं बरंचसं या बेटावरून येतं, मुलांना हे अवश्य सांग.

अजून एक आहे, क्रॉस आयलंड, आम्ही चिनाल टेकडी म्हणायचो. भाऊच्या धक्क्यासमोर अगदी जवळ, झाडं माजलेली, पडक्या भिंती, वस्ती काही नाही. तुझी आई माझगावची, तिला गच्चीवरून दिसायचं ते बेट बहुतेक घारापुरी नसून हे असणार. घारापुरी त्यामागे लांब, दोन टेकड्या आणि मधे खळगा. विचार तिला.

अबोली

मुलं आहेत म्हणून सांगते, हिवाळ्यात लाँचमागे शेकड्याने कुरव येतात, लोक कुरकुरे नि गाठिया उधळतात आणि पक्षी हातातून घेतात. बघायला छान वाटतं.

सांजवेळ

अबोली, बघायला छान आहे पण खायला घालू नका प्लीज. ते पक्षी हिवाळ्यापुरते लांबून येतात, मासे खाणारी जात आहे, तळलेलं मीठ-तिखट त्यांच्या पोटात कशाला? आणि रिकामी पाकिटं जातात समुद्रात. माझ्या पुतणीला आधीच समजावून नेलं तर तिने दुर्बिणीतून नीट बघून दोन जाती वेगळ्या ओळखल्या, खायला घालण्यापेक्षा तिला त्यातच जास्त मजा आली.

अबोली

पटलं. मी स्वतः दिलेत मागच्या वर्षी, यापुढे नाही.

शेतबंदर

माझं माहेर घारापुरी. वर कुणीतरी बाजारपेठ झालीये म्हटलंय ते वाचलं आणि राहवलं नाही.

बेटावर तीन वाड्या आहेत, राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर. हजाराच्या वर माणसं राहतात. हे बेट मुंबईचं नाही, रायगड जिल्ह्यातलं, उरण तालुक्यातलं. मुंबई समोर लखलखताना रोज रात्री दिसायची आणि आमच्याकडे संध्याकाळचे तीन-चार तास जनरेटर, तो बंद झाला की कंदील. मी दहावीचा अभ्यास असाच केला. कायमची वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. १९८७ ला युनेस्कोने लेण्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यानंतर घरात दिवा लागायला एकतीस वर्षं गेली. माझी आजी तो दिवस बघायला नव्हती.

शेती जेमतेम, मासळी पूर्वीसारखी मिळत नाही, मग ती पायऱ्यांवरची दुकानं हेच पोट आहे. तुम्ही सोमवारी येत नाही तेव्हा आमची चूल पावसाळ्यासारखीच जपून पेटते. माळ नको असेल तर घेऊ नका, पण बायका टोपलीत काकडी, कैरी, बोरं, ताडगोळे घेऊन बसतात त्या घ्या, आणि जेवण बेटावरच जेवा, डबा आणू नका. मुक्काम करायला बाहेरच्यांना परवानगी नाही, तेव्हा दिवसभरात जे काय ते.

आणि एक सांगते, वर तोफांच्या टेकडीवर जा. इंग्रजांच्या काळच्या दोन अवाढव्य तोफा आहेत. आईंना नाही जमणार, पण मुलांना न्या. तिथून जवाहर द्वीप, न्हावाशेवा बंदराच्या क्रेन, उत्तरेला अटल सेतू, सगळं एका नजरेत दिसतं. महाशिवरात्रीला आलात तर आमचं बेट खरं बघाल, उरण-पनवेलकडची माणसं होड्या भरभरून येतात, त्या दिवशी गुंफा नुसती बघायची वस्तू राहत नाही, देऊळ होते.

भटक्या_७

शेतबंदर, मी जरा तोडून बोललो, माफ करा. तीनदा येऊन गेलो पण वाड्यांमध्ये एकदाही गेलो नाही हे आत्ता लक्षात आलं.

किल्ल्यांची आवड असलेल्यांसाठी थोडं अवांतर : बंदराच्या दक्षिण तोंडाशी खांदेरी आहे, अलिबागजवळच्या थळहून होडीने जातात. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तो बांधायला घेतला तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली, कारण बंदरात येणारं जाणारं प्रत्येक जहाज तिथून दिसतं. लढाई झाली, इंग्रजांना तो काही घेता आला नाही. २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले वारशात घेतले त्यात खांदेरी आहे. तिथे एक खडक आहे, दगडाने ठोकला की भांड्यासारखा वाजतो. शेजारची उंदेरी सिद्दीची. पण होडीतून उतरणं अवघड, ज्येष्ठांसाठी नाही.

माझगावची_लेक

मंडळी, जाऊन आलो! बुधवारी. सविस्तर लिहिते कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून सांगितलंत.

दादा सुद्धा आला. सांजवेळ, तुमचा प्रतिसाद त्याला पाठवला होता, मग म्हणाला मी येतो आणि जॅकेटं मी तपासतो. पहिल्या लाँचला लहान माप नव्हतं, आम्ही उतरून थांबलो, अर्ध्या तासाने दुसऱ्या लाँचवर मिळालं. आई खाली मधल्या बाकावर बसली आणि तासभर खिडकीतून नजर हलवली नाही. मिडल ग्राउंड, मग टाक्यांचं बेट, काकांनी सांगितलं त्याच क्रमाने. लेकीने टाक्या मोजल्या.

पायऱ्या आईने स्वतः चढल्या, डोली नको म्हणाली. चार ठिकाणी बसलो, एका ठिकाणी बोरं मिळाली, विकणाऱ्या मावशी आणि आई पंधरा मिनिटं गुडघ्यांवर बोलत होत्या. तेल कुठलं लावायचं ते पण ठरलं.

गुंफेत शिरल्यावर मी सगळ्यांना उभं केलं, पाच मिनिटं. धाकट्याने तीनच मिनिटं दम धरला. पण शैलगृह, तुम्ही म्हणालात तसंच झालं, चेहरा अंधारातून हळूहळू पुढे आल्यासारखा वाटला, मधला आधी. आईने हात जोडले आणि तशीच उभी राहिली. मग कल्याणसुंदरापाशी गेलो. खूप वेळ बघून ती म्हणाली, बापाचा हात बघ कसा आहे, ढकलत नाहीये, धरून पण ठेवत नाहीये. मी अजून त्या वाक्याचाच विचार करतेय.

दादा मुलांना घेऊन तोफांकडे गेला, आम्ही दोघी खाली येऊन जेवलो. भात, तळलेले बोंबील, सोलकढी. आई बोंबील मोजून नऊ जेवली, नाशिकला असे मिळत नाहीत.

काका, तुम्ही विचारायला सांगितलं होतं ते विचारलं. ती म्हणाली जवळचं झाडांचं एक होतं आणि लांब दोन उंचवट्यांचं एक होतं, आणि आजोबा नेहमी लांबच्याकडे बोट करायचे. म्हणजे दोन्ही दिसायची. आता तिला भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याची लाँच घेऊन समुद्रातून माझगाव बघायचंय, गच्चीवरून बंदर बघितलं तसं बंदरातून गच्ची. चाळ आता नाहीये, तिथे टॉवर आलाय, हे तिला माहितीये, तरी बघायचंय म्हणते. उरणवाली, त्या लाँचचं सांगाल का?

उरणवाली

वाचताना डोळे भरून आले ताई.

मोऱ्याला जा, ती लाँच पर्यटकांची नाही, आमच्या रोजच्या येण्याजाण्याची आहे, टोपल्या, सायकली, शाळेची पोरं सगळं असतं. आता उरणला लोकल आली तरी मी लाँचनेच जाते. फक्त एक, मोऱ्याच्या धक्क्यापाशी गाळ फार साचतो, ओहोटीला लाँच लागत नाही आणि मग दोन्हीकडे लोक ताटकळतात. त्यासाठी आमच्या कोळ्यांचा हिशोब सांगते, पंचांगात तिथी बघायची आणि तिला पाऊण पटीनं गुणायचं, भरतीची वेळ येते. म्हणजे अष्टमीला सहा वाजता भरती, दुपारी बाराला पूर्ण ओहोटी, तो दिवस आईंसाठी नको. पौर्णिमा किंवा अमावास्या धरा, दुपारी सव्वाअकरा-बाराला भरती असते, लाँच धक्क्याला बरोबर लागते आणि पायऱ्याही कमी उतराव्या लागतात. साडेदहाच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावर या, डाव्या बाजूला बसा, आणि सुटल्या सुटल्या मागे वळून बघा.

जुना_गोदीवाला

पौर्णिमेला मी पण येतो. त्या गच्चीची जागा नेमकी कुठे होती ते आईंना मी दाखवीन, मला सगळ्या शेड नंबरनिशी पाठ आहेत.